मांडीवरच्या लेकराचा फोटो

मी सेनगावच्या गुलाबचंदचा रोलचा कॅमेरा बोलतोय. दचकू नका, दचकायची वेळ पुढं आहे.

माझ्यासमोर नवरदेव ताठ बसले, शाळेतली पोरं रांगेत उभी राहिली. मयताचे फोटोही मीच काढले. लग्न आणि शाळा सोडली तर जित्या माणसाचा फोटो काढायचं तेव्हा कुणाला सुचत नसे. माणूस गेलं की गुलाबचंदला बोलावणं येई.

असंच एकदा साखरा गावाहून बोलावणं आलं. सुभद्राबाईचं तान्हं लेकरू तापानं गेलं होतं. त्याला तिच्या मांडीवर ठेवून तोंड उजेडाकडं केलं. घरात अंधार, म्हणून गुलाबचंदनं मला तिपाईवर बसवून शटर बराच वेळ उघडं ठेवलं. सगळ्यांनी श्वास धरला. परतताना मी जीपमधून पडलो आणि शटर अडकलं. ‘अपशकुन झाला’ म्हणत त्यानं मला रोलसकट पेटीत टाकलं. तो रोल धुवायलाही तो भ्याला.

त्याचा नातू प्रमोद यानं परवा पेटी उघडली. भिंगावरची बुरशी पुसली, आतलं घट्ट झालेलं ग्रीस धुऊन काढलं. शटर टक् करून उघडलं, तेव्हा माझ्या जीवात जीव आला. पोटातला रोलही त्यानं धुतला.

हे कळताच सुभद्राबाई जीपनं आली. आता पार म्हातारी झालेली.

"बाबा, लेकराचं तोंड आठवंना झालंय. मरायच्या आधी एकदा दाव."

प्रमोदनं फोटो तिच्यापुढं धरला. शटर उघडं असताना जो हलतो, तो फोटोत पुसट येतो. नवरा, सासू, स्वतः सुभद्राबाई, सगळे अगदी स्वच्छ आले होते. मांडीवरचं लेकरू तेवढं पुसट होतं.

"फिल्म जुनी हाय, आजी. खराब झाली," प्रमोद खाली बघत म्हणाला.

म्हातारीनं फोटोवर बोट ठेवलं. रडली नाही.

"खराब न्हाई झाली. हात हलला, हात हलला म्हणून मी सांगून राहिले होते. येडी झाली म्हणले मला, अन् लेकरू हिसकून नेलं मातीला."

फोटो पदराखाली धरून ती गेली.

प्रमोद आता माझ्यात नवा रोल भरतोय. नको रे भरूस, लेकरा. मला सगळं दिसतं, पण वेळेवर ओरडता येत नाही.