बाजारातले उमराव

या बाबांनो, या मायांनो, जरा पुढे सरका. मागे बसून कथा ऐकणं म्हणजे उंबऱ्यात उभं राहून जेवणं; पोट भरतं, पण तृप्ती नाही. आजच्या गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही, उमराव मात्र पुष्कळ आहेत. त्यांतला एक दाढी करतो, एक पाव भाजतो, एक चंदी खातो आणि एक पाण्यावर तरंगतो. देव एक आणि त्याची नावं हजार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे उलटं आहे. नाव एक, आणि धनी पाहावेत तितके. ऐका तर.

एका गावाच्या बाजारात पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. हात असा, की आखणीची दोरी नुसती मान ठेवायला लावायची; अक्षर तिच्याशिवायही सरळ यायचं. पण वय झालं, डोळ्यांपुढे धुकं आलं. मुलाला रंगाच्या वासाने शिंका सुटायच्या, म्हणून तो छापखान्यात चिकटला. ब्रश आला सुनेकडे. सून दुसऱ्या गावची, पण हात जणू याच घरात घडलेला. सासऱ्याने तिला शिकवताना एकदाही "शाब्बास" म्हटलं नाही. नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"साठी ती दिवसभर शिडीवर उभी राहायची.

लोकांचं मात्र काय सांगावं! ती शिडीवर, दातांत एक ब्रश, हातात दुसरा, गालाला निळा रंग, आणि खालून गिऱ्हाईक विचारणार, "पेंटर आहेत का?"

"आहे की."

"तसं नव्हे वहिनी. पेंटर. मोठे."

"मोठे आत चहा पितायत. मी आपली गंमत म्हणून इथे लटकलेय."

हसून बोलायची, पण सल होताच. बाजारभर तिचं नाव काय, तर "पेंटरची सून". पाटी तिने रंगवली, तरी लोक म्हणायचे, "पेंटरचा हात आहे हो अजून."

अशात एक दिवस दुकानाच्या पायरीशी एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. अंगावर साधा करडा कोट, हातात काठी, पाठ ताठ. टेकडीवरच्या मोठ्या घराच्या बाईसाहेब. जुन्या उमरावांची एकुलती एक मुलगी. लहानपणीच वसतिगृहात गेल्या, पुढे आयुष्य परमुलखात काढलं आणि आता उतारवयात परतल्या होत्या. मागे ना भाऊ, ना मूल. घराण्याचा दिवा तेवढ्या एका वातीवर.

त्यांनी शिडीकडे वर पाहिलं आणि म्हणाल्या, "पेंटर तूच ना?"

झालं! सुनेचा ब्रश दातांतून सुटला. इतक्या वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. बाईसाहेबांनी काम सांगितलं. वडिलांचं घर लोकांना पाहायला खुलं करायचं होतं, फाटकावर मोठी पाटी हवी होती. सोनेरी अक्षर, एकच शब्द, 'उमराव'. आणि करणारी कोण, तर ती. पाटीच्या कोपऱ्यात तिची सही चालेल.

"करते," सून म्हणाली. "शब्द दिला."

"आणखी एक. बाजारातल्या त्या सगळ्या 'उमराव' पाट्या पुसायच्या. नगरपालिकेचा होकार घेतलाय. ज्याला त्याला दुसऱ्या नावाची नवी पाटी माझ्याकडून. न्हावी उमराव, घोडी उमराव! माझे वडील गेले आणि लोकांनी त्यांची थट्टा मांडली. उमराव एकच होते."

त्या पाट्या तर तिच्या सासऱ्याने रंगवलेल्या. पण बंदुकीतून गोळी आणि तोंडातून शब्द, गेला तो गेला.

संध्याकाळी तिने सासऱ्याला सगळं सांगितलं. म्हातारा चहात पाव बुडवत होता. तो पाव तसाच बुडून राहिला.

"शब्द दिलास?"

"दिला, मामंजी."

"मग पाळायला हवा."

"अहो, पण त्या पाट्या तुम्ही रंगवल्यात! तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मी बोलून काय होणार? पाटी बोलायला हवी."

आता हे बोलणं नीट समजून घ्या. त्या घराचा एक नियम होता. पाटीला ब्रश लावण्याआधी मालकाने तिच्याखाली उभं राहायचं आणि ती तोंडाने बोलायची. काय लिहायचं आणि का लिहायचं. पेंटरने ऐकायचं आणि काम सांगणाऱ्यानेही ऐकायचं. याला ते 'पाटी बोलून घेणं' म्हणत. पाट्यांवरून भांडणं फार होतात, त्यावरचा हा उतारा. पण नियम होता रंगवण्याचा. पुसण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. त्या घराने आजवर पाट्या लावल्या होत्या, उतरवल्या नव्हत्या.

सून अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत राहिली. पुसायचं म्हटलं तरी पाटीला हात लागणारच की! मग नियम तोच.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढून गेली. "बाईसाहेब, पुसते. पण आमच्या घरची रीत आहे. काम सांगणाऱ्याने बरोबर यायचं आणि पाटी ऐकायची."

"पाटी वाचतात, ऐकत नाहीत."

"आमच्याकडे ऐकतात."

बाईसाहेबांनी काठी उचलली. "चल. लवकर आटपू."

पहिली पाटी न्हाव्याची. न्हावी म्हातारा, पण जीभ वस्तऱ्यासारखी. "या, या! पुसायला आलात? पुसा. आमची टकली गिऱ्हाइकं म्हणतील, चला, दुकानाचंही डोकं चकाचक झालं."

"दादा, पाटी बोला," सून म्हणाली. शिडी लावली होती, हातात टर्पेंटाइनचा बोळा होता.

न्हावी पाटीखाली उभा राहिला. चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली. "उमराव. का, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. पण रीत आहे म्हणून सांगतो. बाईसाहेब, तुमच्या मातोश्री गेल्या त्या आठवड्यात उमराव दाढीला आले होते. अर्धी दाढी झाली आणि ते रडायला लागले. हुंदके देऊन. मी दार लावलं, बाहेरच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, वस्तरा बोथटलाय, उद्या या. आणि नुसता शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं, उठले, आणि म्हणाले, 'आज उमराव तू. मी नुसती अर्धी दाढी.' दुसऱ्या दिवशी पेंटरला स्वतः घेऊन आले. म्हणाले, लिही."

बाईसाहेब काठीवर रेलून उभ्या होत्या. "त्याच आठवड्यात मला वसतिगृहात भेटायला आले होते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "म्हणाले होते, आपल्या घरात कोणी रडत नाही. मी आयुष्यभर रडले नाही."

शिडीवरून सून म्हणाली, "बाईसाहेब, शब्द दिलाय. सांगाल तर पुसते. पण तुम्ही सांगा."

"पुढची पाटी," बाईसाहेब म्हणाल्या.

पुढे पाववाल्या मावशीची भट्टी. तोंडावर पत्र्याची पाटी, 'उमराव'. मावशी पिठाचे हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "माझी नाही हं ही पाटी. भट्टीची आहे. मला तर नवरासुद्धा उमराव म्हणत नाही, 'अगं ए' म्हणतो." मग म्हणाली, एका कडाक्याच्या हिवाळ्यात गावातला कोळसा संपला. हमाल, फेरीवाले, भटकी मांजरं, सगळे भट्टीशी येऊन बसायचे. एका पहाटे उमरावही आले, घोंगडी पांघरून, आणि हमालांत दाटीवाटीने बसले. म्हणाले, "माझ्या घरात खोलीखोलीत शेगडी, आणि ऊब सगळी मला एकट्याला. ही एकटी, आणि ऊब सगळ्यांना. आज उमराव ही."

मावशीने एक गरम पाव बाईसाहेबांच्या हातात कोंबला. "खा. पाटी पुसायची तर भरल्या पोटाने पुसा."

बग्गीवाल्याच्या तबेल्यात घोडीच्या डोक्यावर भिंतीला फळी होती, 'उमराव'. ज्या घोडीला मान मिळाला ती केव्हाच गेली, आता तिची नात होती. पण मान वंशात राहिला. बग्गीवाला म्हणाला, "चिखलात चाक रुतलं, घोडीने गुडघे टेकले, पण ओढणं सोडलं नाही. उमराव खाली उतरले, कोट टाकला, बग्गीच्या दांडीला खांदा दिला. वर आले तेव्हा चिखलाने ओळखू येत नव्हते. घोडीला मुजरा करून म्हणाले, आज उमराव ही, मी नुसता घोडा. तोही लंगडा!"

बाईसाहेब हसल्या. खळखळून. बाजारातली माणसं दुकानांतून डोकावू लागली. सुनेच्या मनात आलं, ही थट्टा नव्हे. त्या माणसाकडे एकच मोठी वस्तू होती, ती तो आयुष्यभर वाटत गेला, आणि वाटूनही ती संपली नाही. प्रसादासारखी.

शेवटी नदीकाठ. न्हावी, मावशी, बग्गीवाला, सगळे मागोमाग आले होते. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'उमराव', रंग उडालेला. नावाडी तरणाबांड होता. सून म्हणाली, "बोल बाबा, पाटी बोल."

नावाड्याने डोकं खाजवलं. "वहिनी, काय बोलू? आम्हाला कोणी दिली नाही. बापाने बघितलं, सगळ्यांकडे आहे. त्याने लावून टाकली. चोरलीच म्हणा."

आता सुटका नाही. दिलेला शब्द इथे तरी पाळावा लागणार. तिने बोळा भिजवला.

"खोटं बोलला असतास तर?" बाईसाहेबांनी विचारलं.

"बोललो असतो हो. पण वर्षानुवर्षं माणसं माझ्या भरवशावर होडीत पाय ठेवतात. त्यात मला पोहता येत नाही."

"नावाड्याला पोहता येत नाही?"

"म्हणून तर होडी बुडू देत नाही."

"आणि कोणाला पलीकडे न्यायला कधी नाही म्हटलंस?"

"नाही कसं म्हणायचं? पलीकडे दवाखाना आहे. पूर असो, काळोख असो, हाक आली की निघायचं. बापही तसाच निघायचा."

सून बोळा घेऊन वाकली होती, हात होडीपासून वीतभर. तिला वाटलं, आता हुकूम येणार. मागून काठी वाळूत टेकल्याचा आवाज आला. मग बाईसाहेब म्हणाल्या, सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पेंटर, बोळा ठेव. याच्या बापाने घेतलं ते घेतलं. मी देते. आज उमराव ही होडी."

न्हाव्याने पहिली टाळी वाजवली, आणि मावशीने पिठाचे हात असे आपटले की पांढरा ढग उठला. बाईसाहेबांचा चेहरा उजळला होता. घर, खुर्च्या, तसबिरी हे सगळं त्यांना वडिलांकडून मिळालंच होतं. देण्याचा अधिकार मात्र त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वापरला. आणि देताना मान वर होती, समोरच्याला वाकवणारी नव्हे, उभं करणारी.

फाटकाची पाटी राहिली होती. सुनेने टेकडीवर शिडी लावली. "बाईसाहेब, बोला."

बाईसाहेब फाटकाखाली उभ्या राहिल्या. "उमराव. आणि खाली बारीक अक्षरात लिही, 'बाकीचे उमराव बाजारात भेटतील.' आणि कोपऱ्यात तुझी सही. बारीक नको."

रंग वाळल्यावर सासरा शेजारी दुसरी शिडी लावून वर चढला. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्याने वाळलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, सहीपाशी थांबलं. म्हातारा "हं" म्हणाला नाही. म्हणाला, "पेंटर, तुझं अक्षर माझ्याहून मोकळं आहे." ती शिडीवरच्या शिडीवर रडली आणि मुद्दाम डोळे पुसले नाहीत.

त्यानंतर बाजारातल्या सगळ्या फिक्या पाट्यांना नवा रंग चढला. न्हाव्याची, भट्टीची, घोडीची, होडीची. प्रत्येक पाटी आधी बोलली, मग रंगली. आणि जिथे जिथे शिडी लागली, तिथे खाली बाईसाहेब दोन्ही हातांनी ती धरून उभ्या होत्या, कोटावर रंगाचे थेंब, गुडघे दुखतायत, पण कोणी "मी धरतो" म्हटलं की म्हणायच्या, "तू तुझं काम बघ, मला माझं सापडलंय."

तर बाबांनो, ज्या भगवंताने आपली नावं सगळ्यांना वाटली, त्याच्या दरबारात तुमची-माझी हाक आज ना उद्या जाईलच. तोवर एवढी विनंती ऐका. रस्त्याने जाताना उंचावर नवी पाटी दिसली, तर अक्षरं खुशाल वाचा, पेंटरला वाखाणा. पण क्षणभर त्यांचीही आठवण ठेवा, ज्यांनी खाली उभं राहून शिडी धरली.