मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

पहिला

मास्तरांनी उजवा पाय गच्च दाबला. टॅक्सीच्या तळाचं रबर कुरकुरलं.

"साहेब, तिथं ब्रेक नाही," टॅक्सीवाला म्हणाला. वळण त्यानं केव्हाच पार केलं होतं.

मागे बसलेल्या बायकोला हसता हसता ठसका लागला. "ड्रायव्हिंग शिकवतात हो ते. तेवीस वर्षं दुसऱ्याच्या हातातली गाडी स्वतःच्या पायानं थांबवतायत."

मास्तरांनी पाय मागं ओढून घेतला. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो न दाबता बसणं हीच खरी विद्या, असं ते सगळ्यांना सांगत. नुसतं सांगत.

रिव्हर्स, थोडासाच

दोघं फिरायला गेल्यावर सोळा वर्षांची लेक ठकी चार दिवस घरी एकटी राहणार, हे ठरायला तीन आठवडे लागले होते. मास्तरांचा एकच धोशा, आत्याकडे जा.

"ज्यांना स्टिअरिंग कशाशी खातात ते माहीत नाही, त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी भर रस्त्यात गाडी देता," ठकी म्हणाली होती. "आणि मला घर देत नाही?"

बायको दातांच्या कवळ्या बनवते. घरी आणलेलं काम घासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या. आता चावा."

निघताना मास्तरांनी फ्रिजवर एक्केचाळीस सूचना चिकटवल्या. त्यांच्याखाली ठकीनं स्वतःची एक लिहिली: रोज सकाळी दहाला मी फोन करीन, तुम्ही करायचा नाही.

दुसरा

पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, सव्वादहा झाले. साडेदहाला मास्तरांनी करार मोडला. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारच्या काकू कामावर होत्या. त्या संध्याकाळीच येणार होत्या.

अकराला मास्तर बॅग घेऊन लॉजच्या पायऱ्यांवर उभे होते आणि समोर कालचाच टॅक्सीवाला.

ओल्या केसांनीच बायको बाहेर आली. "हे काय?"

"उचलत नाहीये."

"झोपली असेल कुंभकर्णाची मावशी."

"आणि नसेल तर?"

तिचाही चेहरा उतरला. पण ती आली आणि सरळ बॅगेवरच बसली. "अहो, एक फोन चुकला आणि आपण धावत दारात हजर. पोरगी काय समजेल? नापास झाले. पुन्हा कधी घर मागणार नाही ती."

"मला पास-नापास काही करायचं नाही. मला ती दिसायला हवी."

"अर्धा तास द्या तिला. मग टॅक्सीचं दार मीच उघडते."

टॅक्सीवाल्यानं इंजिन बंद केलं. असली भांडणं त्यानं पुष्कळ पाहिली असावीत.

मास्तरांनी पायऱ्या मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या, तरी सातच.

फोन आला तो अकरा वाजून वीस मिनिटांनी.

"बाबा, ओरडू नका! आधी ऐका. स्वयंपाकघरातला नळच हातात आला माझ्या. कारंजं नुसतं! मला पाणी बंद करायचा कॉक कुठंय तेच माहीत नव्हतं."

एक्केचाळीस सूचनांमध्ये तो नव्हता. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मग?"

"मग काय, पाइपच्या मागं मागं गेले. बाथरूमच्या माळ्यावर सापडला. बंद केला. खालच्या दुकानातून प्लंबर आणला, दार उघडं ठेवून काम करून घेतलं. फोन बेडरूममध्ये राहिला. आता फक्त पुसायचंय."

"मी काय सांगतो..." मास्तरांनी सुरुवात केली. बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी वाक्य गिळलं.

"तुम्ही येताय का?" ठकीनं विचारलं.

टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "ठरलंय तसं परवाच."

हुर्रे ऐकायची त्यांची तयारी होती. तिकडून फक्त "बरं" आलं. हे 'बरं' त्यांच्या ओळखीचं होतं. चढावर गाडी बंद पडली की शिकाऊ माणूस असंच हळू 'बरं' म्हणतो.

"बाबा, ठेवू नका ना फोन."

"बोल."

"बोलायचं नाहीये काही. पुसून होईपर्यंत नुसता चालू राहू दे."

न्यूट्रल

मास्तरांनी हातानं खुणावून टॅक्सी पाठवून दिली. फोन कानाला लावून ते उभे राहिले. बादली ओढल्याचा आवाज. फडकं पिळल्याचा, दाराची कडी खडखडल्याचा. दाराच्या बाजूनं सुरुवात केलीय पोरीनं, त्यांना ऐकूनच कळलं. कोपऱ्यापासून दाराकडे यायचं असतं. हे तर उलटं चाललंय. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. फडकं सरकत सरकत आत गेलं, ओट्याखाली, फ्रिजपाशी. मग थांबलं.

आता फ्रिजची घरघर अगदी जवळून येत होती.

"बाबा?"

"आहे."

"मी फ्रिजच्या कोपऱ्यात अडकलेय. सगळीकडे ओलं झालंय."

बायकोनं भुवया उंचावल्या. मास्तरांपाशी निदान तीन उपाय तयार होते. त्यांनी विचारलं, "मग?"

तिकडे ठकी हसली. आधी जरा ओलसर, मग खदखदून. "मग काय! वाळेपर्यंत बसते इथंच."

मास्तर पायरीवर टेकले. बायको सरकून शेजारी आली.

"बस," ते म्हणाले. "आम्हीही बसलोय."