मिठात मुरलेलं घड्याळ

मी एक जुनं घड्याळ आहे. किती जुनं, ते मात्र विचारू नका मित्रांनो, कारण त्याचं उत्तर माझं मलाच देता येत नाही. माझं धातूचं अंग एका माणसाच्या लग्नातलं, पोटातलं मशीन दुसऱ्याच्या मनगटावरून उतरलेलं, काटे तिसऱ्याचे आणि पट्टा तर अगदी नवा कोरा. सतरा ठिगळांची गोधडी असते ना, तसा माझा प्रकार आहे. पण गोधडी ऊब देते आणि मी वेळ दाखवतो. आम्हां दोघांकडून याहून जास्त कुणी मागू नये.

या सगळ्या अवयवांच्या वतीने बोलायचा मान माझ्या अंगाला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या केसला मिळाला आहे. कारण घरात सगळ्यांत आधी तीच आली.

माझे पहिले मालक बळीराम. उरणच्या बाजूला त्यांचं मिठागर होतं. लग्नात सासऱ्यांनी जावयाला घड्याळ द्यायचं, अशी तेव्हाची पद्धत होती, म्हणून मी त्यांच्या मनगटावर आलो. लग्नातलं घड्याळ सणावारी मिरवावं आणि एरवी कपाटात ठेवावं, असं सगळे सांगत. बळीरामांनी ते कधी ऐकलं नाही. ते मला रोज मिठागरावर नेत. गडी हसायचे. मिठागरावर कसलं आलंय घड्याळ, तिथं भरतीची वेळ तेवढी कळली की झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बळीरामांचं उत्तर ठरलेलं असे, "भरती चंद्र बघून येते रं, पन व्यापाऱ्याचा ट्रक घड्याळ बघून येतो!"

खारं पाणी आणि घाम यांनी माझ्या डाव्या कडेचा मुलामा उडाला आणि तिथे बारीक बारीक खड्डे पडले. सुंदर मी कधीच नव्हतो, त्यात ही भर. पण संध्याकाळी घरी आल्यावर बळीराम मला उतरवून बायकोच्या हातावर ठेवत. त्या भामाबाई. त्या पदराला हात पुसून, खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मला कडाकडांतून पुसत. सकाळी बळीराम चावी देत आणि आम्ही पुन्हा कामावर जायचो. अशी वर्षं गेली आणि माझी कधी टिकटिक चुकली नाही. आता आठवलं तरी मला त्या काळाचा अभिमान वाटतो.

पुढे मिठागराची जमीन नव्या वसाहतीसाठी गेली. कुटुंब पनवेलजवळच्या सुकापूरला राहायला आलं. येताना भामाबाईंनी शेवटच्या हंगामाचं मीठ एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरून आणलं. ते त्या कुणाला वापरू देत नसत. काही वर्षांनी बळीराम आजारी पडले. जाण्याआधी त्यांनी मला बायकोच्या मुठीत दिलं आणि एवढंच म्हणाले, "जप याला."

आणि मित्रांनो, भामाबाईंनी मला जपलं. त्यांना जसं ठाऊक होतं तसं जपलं. मिठात घातलेली कैरी वर्षभर टिकते, मिठातले मासे पावसाळाभर टिकतात. जन्म मिठागरावर गेलेल्या बाईला यापेक्षा भरवशाची जागा कुठली सुचणार? शेवटच्या हंगामाचं ते मीठ, त्यात मधोमध त्यांनी मला पुरलं, वर झाकण लावलं आणि फडकं घट्ट बांधलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. पावसाळ्यात मीठ पाझरलं. माझ्या पोटात खारं पाणी शिरलं आणि मी बंद पडलो.

त्यांच्या मुलाचं नाव हरेश. तो उरणजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामात कामाला आहे. तिथे तो सुपरवायझर झाला, तेव्हा पहिल्या दिवशी वडिलांचं घड्याळ घालून जावं असं त्याच्या मनात आलं. भामाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी फडकं सोडलं, कोपरापर्यंत हात बरणीत घातला आणि मला बाहेर काढलं. हिरवट खपली धरलेला एक गोळा त्यांच्या तळहातावर पडला होता. हरेशने नखाने खपली खरवडून पाहिली. त्याची बायको रंजिता घाईने म्हणाली, "असू दे आई, दुरुस्त होईल." भामाबाईंनी ते ऐकलं की नाही, देव जाणे.

त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं.

"आमी मिठाला जागलो, मीठ आमाला नाय जागलं," त्या म्हणाल्या. "ज्यानं त्यांचं घड्याळ खाल्लं, ते मी नाय खानार."

आधी सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. पण भामाबाई अळणी पेज पीत राहिल्या, अळणी भाकरी खात राहिल्या. त्या वाळत चालल्या. एकदा पनवेलच्या बाजारात सुकट घेता घेता चक्कर येऊन पाटीशेजारीच बसल्या. डॉक्टरांनी बजावलं की या वयात असं मीठ तोडणं बरं नाही, हे अंगाशी येईल. भामाबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा अळणीच जेवल्या. रंजिताने एकदा गुपचूप पेजेत चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. पहिल्याच घोटाला वाटी बाजूला सरकली. मीठ पिकवणाऱ्या बाईची जीभ ती, तिला कोण फसवणार!

शेवटी हरेशने मला रुमालात बांधलं आणि पनवेलच्या बाजारपेठेत कल्पेशच्या घड्याळांच्या दुकानात नेलं. कल्पेश त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने माझं पाठीचं झाकण उघडलं आणि लगेच नाक मुरडलं.

"हरेशभाई, यात काय राहिलं नाय. मशीन गेलं, डायल गेली, काटे गेले. सोड ना. अगदी असंच एक पीस माझ्याकडं पडलंय, चालू हालतमध्ये. ते ने आणि दुरुस्त केलं म्हणून सांग. मावशीला काय कळणार?"

हरेश मोहात पडला. खोटं कशाला बोलू, त्याच्या जागी मीही पडलो असतो. संध्याकाळी त्याने रंजिताला ही युक्ती सांगितली.

"अहो, चिमूटभर मिठाला त्या फसल्या नाहीत," रंजिता म्हणाली, "घड्याळाला फसतील? आणि कळलं तर उद्या त्या पाणीसुद्धा सोडतील."

तेव्हा हरेशने ठरवलं, जेवढं वाचेल तेवढं वडिलांचं आणि बाकीचं मिळेल तिथलं. दर सुट्टीला तो कल्पेशच्या दुकानात जाऊन बसू लागला. दुकानात मागे एक पत्र्याचा डबा होता. बंद पडलेली, कुणी परत न्यायला न आलेली घड्याळं त्यात पडून असत. त्या डब्यातून माझं मशीन आलं. ते रेल्वेतल्या कुणा माणसाचं असावं, कारण अजूनही त्याला उशिराची फार चीड आहे. डायल आली ती साईच्या रंगाची, देवनागरी आकड्यांची. ते आकडे भामाबाईंना वाचता येतील, म्हणून हरेशने मुद्दाम ती निवडली. तासकाटा बुटका आणि जाडा मिळाला, मिनिटकाटा लांब आणि सडपातळ. दोघं शेजारी उभे राहिले की लग्नात चुकून एकत्र जेवायला बसलेले पाहुणे वाटतात.

हरेशचे हात गोदामातली खोकी उचलणारे. चिमट्यात स्क्रू धरायला त्याच्या नाकी नऊ आले. चावीची दांडी त्याने एकदा इतकी आखूड कापली की चावी आतच घुसून बसली. मिनिटकाटा खाली दबून तासकाट्याला घासायचा आणि दोघंही अडून बसायचे. "अरे भाई, ये घड्याळ है, कंटेनर नाय!" कल्पेश ओरडायचा आणि मग स्वतःचं भिंग काढून त्याच्या डोळ्याला लावायचा. हळूहळू हरेशचे हात शिकले.

माझ्या जिवावरचं संकट मात्र वेगळंच होतं. माझ्या डाव्या कडेचे ते खड्डे आठवतात ना? ते बरणीतच पडले, असं हरेशला वाटत होतं. आईला ते दिसायला नकोत, म्हणून मला घासून गुळगुळीत करायचं त्याने पक्कं केलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बळीरामांची माझ्या अंगावरची तेवढीच तर खूण होती, आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. पण घासून चकाकी देणारा कारागीर त्याच आठवड्यात गावी गेला होता. मित्रांनो, त्या न पाहिलेल्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

एका रविवारी सकाळी मशीन माझ्या पोटात बसलं, झाकण लागलं, हरेशने चावी फिरवली आणि मी चालू लागलो. "घे, गंगेत घोडं न्हालं!" असं म्हणून कल्पेशने सगळ्या दुकानाला चहा पाजला. हरेशने मात्र चहा अर्धाच प्यायला. खरी परीक्षा सुकापूरला होती.

भामाबाई ओट्यावर बसल्या होत्या. हरेशने मला त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी आधी मला कानाशी नेलं आणि बराच वेळ ऐकलं.

"ह्यो आवाज त्यांच्या घड्यालाचा नाय," त्या म्हणाल्या.

रंजिता दारात तशीच उभी राहिली. हरेशचा चेहरा पडला, पण तो खोटं बोलला नाही.

"नाय, आये. मशीन दुसऱ्याचं हाय. काटे, डायल, सगळं दुसऱ्याचं. अंग तेवढं बाबांचं हाय. आन् त्याला पन खड्डे पडलेत मिठानं. पुढच्या आठवड्यात घासून आनतो."

भामाबाईंचा अंगठा माझ्या डाव्या कडेवर आला. एका खड्ड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. संध्याकाळी तेलाचा बोळा फिरायचा, अगदी तसा तो फिरला. मी त्या अंगठ्याला ओळखलं आणि त्याने मला.

"खबरदार घासशील तर!" त्या एकदम कडाडल्या. "हे बरनीतले खड्डे नाय, बाला. हे मिठागरावरचे हायेत. रोज पुसायची मी यांना. मना एक एक ठाऊक हाय."

मग त्यांचा अंगठा एका खड्ड्यावर थांबला. त्यांना काहीतरी उमगत होतं आणि मी टिकटिक करत वाट पाहत होतो.

"रोज मिठात जायचं हे," त्या सावकाश म्हणाल्या, "तरी कवा बंद नाय पडलं. ते चावी द्यायचे, मी पुसायची. रोजचा हात लागायचा याला. बरनीत घातलं आन् हातच नाय लावला कोनी." त्यांचे डोळे भरून आले. "मी उगाच मिठाला बोल लावला रं."

"तुझी पन चूक नाय, आये. तू जपायलाच ठेवलंस," हरेश म्हणाला. "आता चावी तूच देत जा. मी कामावर जाताना तुझ्याकडनं घेईन आन् आल्यावर तुझ्या हातात देईन."

भामाबाईंनी पदराला बोटं पुसली आणि माझी चावी धरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चावी देत होत्या. जरा जपूनच फिरवली त्यांनी. मग आत बघून हाक मारली, "रंजिता, पेज झाली का गो? मिठाचा खडा टाक त्यात. बरनीतलाच टाक, कडेचा पांढरा बघून."

रंजिता धावली. आनंदाने तिचा हात असा काही सुटला की एका माणसाच्या पेजेत चौघांचं मीठ पडलं. हरेशने एक चमचा चाखला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. भामाबाईंनी मात्र वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली, आणि अजून मागितली. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, फक्त माझा कुठला जीव, रेल्वेवाल्याचा की बळीरामांचा, हे आता मला सांगता येत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

हल्ली मी दिवसा द्रोणागिरीला असतो आणि संध्याकाळी तेलाच्या बोळ्याखाली. मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून, कुणाचं तरी काहीतरी जपून ठेवलेलं असेल. ते आज बाहेर काढा. पुसा, वापरा, थोडं झिजू द्या. आणि घरात वाट बघत बसलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर ते त्याच्याच हातात द्या.