आंब्याच्या निरोपाची पार्टी

शाळा उघडायला आठवडा राहिला की रशिदा दरवर्षी मैत्रिणींना घरी जेवायला बोलवायची. या सगळ्या एकेकाळी मुलांना शाळेत सोडताना फाटकापाशी भेटलेल्या बायका. मुलं मोठी झाली, काहींची लग्नंही झाली, पण यांचं भेटणं काही सुटलं नाही. या वर्षी रशिदाची मुलगी रमशा म्हणाली, नुसतं जेवण नको, काहीतरी थीम ठेवू. आंब्याचा मोसम संपत आला होता, तेव्हा आंब्यालाच निरोप द्यायचं ठरलं. चाळिशीच्या आतल्यांनी कैरीसारखं हिरवं घालायचं, पुढच्यांनी पिकल्या आंब्यासारखं पिवळं, आणि प्रत्येकीने आंब्याचं काहीतरी करून आणायचं.

त्या दुपारी रशिदाच्या कामतघरच्या घरात झाडून सगळ्या बायका हिरव्या कपड्यांत आल्या. शेलार गावची माधवी तर पन्नाशी ओलांडलेली, पण रायवळ आंब्यांची टोपली घेऊन रिक्षातून उतरली ती हिरवीगार साडी नेसून, आणि वर म्हणाली, की मी अजून पाडाला लागलेली न्हाय. पिवळं घातलं होतं ते एकट्या रशिदाने. त्यावरून तिची भरपूर थट्टा झाली आणि तीही पोटभर हसली. नवऱ्याला, नूरुद्दीनला, तिने सकाळीच लूमच्या कारखान्यावर पिटाळलं होतं. म्हणजे घर बायकांना मोकळं.

ती खुशीत होती त्याला आणखी एक कारण होतं. पडघ्याच्या एका चांगल्या घरातून रमशाला विचारणा झाली होती. मुलगा अम्मार, दोह्याला नोकरीला, सुटीवर आलेला. त्याच्या आईने रमशाला एका लग्नात पाहिलं होतं. मध्ये बोलत होती मैमुना, रशिदाची सगळ्यांत जवळची मैत्रीण. त्या घराशी तिचं लांबचं नातं होतं. उत्तर यायला बराच वेळ लागत होता. रशिदाने विचारलं की मैमुना म्हणायची, मोठं घर हाय, चार माणसांचा सल्ला घेतील, घाई करू नको. रशिदा घाई करत नव्हती. मैमुनाच्या हातात गोष्ट दिली की तिला काळजी नसायची.

दोन वर्षांपूर्वी रमशाने महिनोन् महिने खोली धरली होती. जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. शेवटी ठाण्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. आता ती बरी होती, शाळेत शिकवत होती. ते दिवस घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हते. एका मैमुनाला सोडून.

जेवणाआधी रमशाने खेळ मांडला. मोबाइलवर गाणं लावायचं, एक आंबा हातोहात फिरवायचा, गाणं थांबलं की जिच्या हातात आंबा, तिने या उन्हाळ्यातली एक चांगली बातमी सांगायची. माधवीने नात झाल्याचं सांगितलं. कुणी गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं. मग आंबा थांबला जोयाच्या हातात. जोया ही मैमुनाच्या बहिणीची मुलगी, मावशीबरोबर आली होती. मैमुना स्वतः तेव्हा आत पुऱ्या तळत होती.

जोया लाजली. म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. खालाने सांगितलं असेल ना तुम्हाला."

बायकांनी गलका केला. कुठला मुलगा, काय करतो, असं चारी बाजूंनी विचारलं. जोयाने सांगितलं, पडघ्याचा, अम्मार नाव, दोह्याला असतो. परवाच तोंड गोड केलं.

रशिदाच्या हातात पन्ह्याचा ट्रे होता. तिने तो न सांडता टेबलावर ठेवला, जोयाच्या डोक्यावरून हात फिरवला, खूश राहा म्हणाली. पोरीच्या चेहऱ्यावर कसलाच आडपडदा नव्हता. तिला काही ठाऊक नव्हतं. रमशाने एकदा आईकडे पाहिलं आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

रशिदा स्वयंपाकघरात गेली. मैमुनाने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. तिने गॅस बारीक केला, पण मागे वळली नाही.

"सांगणार होते," ती म्हणाली. "आज तुझा कार्यक्रम, म्हटलं नंतर सांगू."

रशिदाने विचारलं, आमचं काय झालं मग? मैमुना म्हणाली, त्यांनी नको म्हटलं. मग जोयाचा विषय आपोआप निघाला, मी काढला न्हाय.

"नको का म्हटलं?"

मैमुना झाऱ्याने पुरी उलटत राहिली. "त्यांनी विचारलं, पोरीला काही आजारबिजार होता का. मी खोटं कसं बोलू, रशिदा? उद्या माझ्यावर आलं असतं."

"ते असं विचारतील कशाला?" रशिदा म्हणाली. "कुणी सांगितल्याशिवाय कोण विचारतं?"

कढईत पुरी लाल होऊन गेली. रशिदाने गॅस बंद केला आणि वळली, तर दारात रमशा उभी होती, रिकामं ताट घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ताटात पुऱ्या वाढून घेतल्या आणि बाहेर गेली.

जेवणं झाली. रशिदाने प्रत्येकीला आग्रह करून आमरस वाढला, मैमुनालाही. माधवीला काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं. निघताना तिने रशिदाचा हात जरा जास्तच वेळ धरला. जोयाला रमशाने आपल्या हाताने डबा भरून दिला.

सगळ्या गेल्यावर मायलेकी ताटं गोळा करत होत्या. रशिदाने मैमुनाला बोल लावायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची मैत्रीण, आपल्या ताटात जेवलेली, आणि तिने असं करावं. रमशाने ऐकून घेतलं.

"अम्मारचं मला काही न्हाय, अम्मी," ती म्हणाली. "तू खूश होतीस म्हणून मी गप्प होते. पण मैमुनाखालाला ते कोणी सांगितलं? कुणालाच सांगायचं न्हाय, असं तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होतीस."

रशिदा खुर्चीत बसली. म्हणाली, त्या दिवसांत माझी छाती फुटायची वेळ आली होती, तुझ्या अब्बांसमोर रडता येत नव्हतं, कुणाशी तरी बोलल्याशिवाय मी जगलेच नसते.

"तुला खाला होती," रमशा म्हणाली. "मला तूच होतीस."

ती रडली नाही, दार आपटून गेली नाही. उरलेली ताटं तिने नीट घासली.

मैमुना पुढे एकदा आली, लग्नाचं बोलावणं घेऊन. रशिदाने तिला दारातच उभं ठेवलं, मुबारक म्हणाली आणि आत ये म्हणाली नाही. मैमुना बराच वेळ चपला पायात चढवत राहिली, मग गेली. इतक्या वर्षांचं नातं तुटायला तेवढंच लागलं. रशिदाला वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं.

अवघड होतं ते घरातलं. रमशा हसायची, शाळेतल्या पोरांचे किस्से सांगायची, आईचे पाय दाबून द्यायची. डॉक्टरकडे जायची तारीख आली तेव्हा मात्र ती ठाण्याला एकटीच जाऊन आली. आधी दोघी जायच्या. संध्याकाळी रशिदाने पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"ठीक हाय म्हणाले," रमशाने सांगितलं, पाणी प्यायली, आणि रात्री जेवायला काय आहे ते विचारलं.

रशिदाने सांगितलं, डाळ-भात आणि सुकट. मुलगी मान हलवून आत गेली. आत ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागली. रशिदा दाराजवळ गेली, तिथून मागे फिरली आणि तांदूळ धुवायला घेतले.