गुंड एकेक करूनच का येतात

मारामारीच्या सिनेमांबद्दल दाजींची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिलं मत असं, की लढणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत एकदम दिसला पाहिजे. आधी नुसती मूठ, मग नुसतं तोंड, मग फुटलेली काच असं तुकड्यातुकड्यांनी दाखवलं, की दाजी भर थिएटरात ओरडायचे, "अरे, पाय कुठायत त्याचे? घरी ठेवून आला का?" हवेत उडणारे हीरो त्यांना चालायचे, पण उडण्याआधी गुडघा वाकलेला दिसला पाहिजे. हीरोला लागलं पाहिजे आणि लागलेलं पुढच्या सीनमध्येही दुखलं पाहिजे. ओठ एक बोलतायत आणि आवाज भलतंच बोलतोय असं डबिंग असलं तर सोन्याहून पिवळं, कारण एका तिकिटात दोन सिनेमे होतात. आणि ज्याला प्रत्येक सिनेमा छान वाटतो त्याच्या शेजारी चुकूनही बसू नये. "सगळंच छान म्हणणाऱ्यानं काही पाहिलेलंच नसतं," असं ते म्हणायचे.

ही मतं ऐकायला त्यांना हक्काचा माणूस मिळाला, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं काडी, म्हणून दाजींनी लग्नातच त्याचं नाव पैलवान ठेवून टाकलं. दाजी मोटार चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या बाजूला बसायचं आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक. थरथरणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "घाबरू नका, ब्रेकवर माझा पाय आहे." ती सवय इतकी मुरली, की हीरोवर कोणी मागून धावून आलं तर थिएटरातही त्यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. पैलवान पुढे फ्रिज दुरुस्त करू लागला, त्याचं लग्न झालं, केस गेले, पोट आलं. पण रविवारचा सिनेमा आणि सिनेमानंतरचं भांडण कधी चुकलं नाही.

भांडणाचा लाडका विषय ठरलेला होता. दहा गुंड हीरोभोवती गोल करून उभे राहतात, पण जातो एकेकच. तो मार खातो, तोवर बाकीचे जागच्या जागी डुलत बसतात. लोक हसतात. दाजी हसायचे नाहीत.

"सबंध सिनेमात तेवढंच खरं असतं, पैलवान. पहिलं कोणालाच जायचं नसतं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं जावं आणि परस्पर मिटावं."

"काहीतरीच काय दाजी! कॅमेऱ्यात मावत नाहीत म्हणून एकेक."

"तू फ्रिजच दुरुस्त कर."

मग दाजी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा मागे फिरणारा नाही हेही सांगितलं. ताईला, म्हणजे दाजींच्या बायकोला, मूलबाळ नाही, त्यामुळे जे काही होतं ते तिच्याच गळ्यात. दाजी पहाटे उठून बाहेर पडायचे म्हणून ती दाराला गादी लावून झोपायची. एकदा शेगडी तशीच चालू राहिली. एकदा त्यांनी तिला चोर समजून ढकललं, आणि तिचं मनगट अजून बांधलेलं होतं. अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था शहराबाहेर होती. तिथे जागा झाली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

"तू सांग, काय करू?" ताईनं भावाला विचारलं.

"मुळीच नाही," पैलवान म्हणाला. "दाजी आत शाबूत आहेत गं. फोनवर सिनेमाबद्दल किती बोलतो आम्ही!"

फोन ताईच दाजींच्या कानाला धरायची. पलीकडून भाऊ बोलत राहायचा आणि अलीकडून दाजी नुसतं "हं" म्हणायचे. हे त्याला सांगायचं तिच्या जिवावर यायचं. पण खरं सांगायचं तर पैलवानालाही ते कळत होतं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कोण अडवणार!

रविवारी दुपारी तो आला तो दाजींना सगळ्यात नावडता सिनेमा घेऊन. एका गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग. त्यात हीरो हेलिकॉप्टरमधून मोटारसायकलसकट उडी मारतो आणि भांग विस्कटत नाही. पूर्वी हा बघताना दाजींनी चप्पल काढली होती. "आता बघ कसे पेटतात," पैलवान ताईला म्हणाला. ती दारात टेकून उभी राहिली.

हीरोनं उडी मारली. दाजी शांत. पैलवानानं काडी टाकून पाहिली, "हा पहिल्यापेक्षा भारी आहे, नाही का दाजी?"

दाजींनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "हो, छान आहे."

पैलवानानं घाईघाईनं दुसरा सिनेमा लावला, दाजींचा जीव की प्राण. त्यातला हीरो लंगडा हमाल. मिठाच्या गोदामात त्याला दहाजण घेरतात. ही मारामारी दाजींना पावलापावलासकट पाठ होती. इथे तरी ते बोलतील, एक चूक काढतील, एक शिवी देतील, असं त्याला वाटत होतं. तो मनातल्या मनात हातच जोडून बसला होता.

पहिला गुंड पुढे झाला. हमाल मिठात पडला. दाजींचा पाय फरशीवर दाबला गेला.

"बघ! बघितलंस ताई?" पैलवान ओरडला.

पण दाजी थरथरत होते. "अहो, मारतायत त्याला," ते म्हणाले. "लंगडा आहे हो तो. कोणीतरी जा ना!" त्यांनी पैलवानाचा हात धरला. "तुम्ही तरी जा. नुसते बघत काय बसलात?"

पाय दाबला जात होता, पुन्हा पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पैलवानाला टीव्हीचा रिमोट सापडेना. शेवटी त्यानं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"गेला का तो घरी?" बऱ्याच वेळानं दाजींनी विचारलं.

"गेला."

"एकटा?"

"नाही. त्याचा मेव्हणा आला होता न्यायला."

दाजींना ते पटलं. त्यांनी डोळे पुसले आणि बंद टीव्हीकडे बघत बसले. ताई आत गेली. पैलवान तिच्यामागे जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती स्वच्छ ओटा पुन्हा पुसत होती. कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत तो तसाच उभा राहिला. ताईनं एकदा म्हणून टाकावं, मग आपण जड मनानं मान डोलवावी, असा त्याचा हिशेब होता. आणि मग आपण जागच्या जागी डुलतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"ताई," तो म्हणाला, "उद्या फोन मी करतो. हो म्हणून सांगतो."

फडकं तिच्या हातातून गळलं. "मला तुझ्याआधी हो म्हणवत नव्हतं रे," ती म्हणाली आणि ओट्याला धरून हुंदके देऊन रडायला लागली.

आवाज ऐकून दाजी दारात आले. ही बाई कोण, का रडतेय, ते त्यांना काही कळलं नसावं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पैलवानाला हातानं बाजूला केलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"घाबरू नका, बाई," ते म्हणाले. "ब्रेकवर माझा पाय आहे."