मेमरीत जागा नाही

"आता काय झालं ह्याला?" मृत्युंजय आवटींनी पडद्यावर बोट आपटलं.

"जागा न्हाय म्हणतंय," गैबीचाचा म्हणाले. "परत."

गैबीचाचांनी उभं आयुष्य रविवार पेठेतल्या या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवलं होतं. खिळ्यांनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. एखादं अक्षर कमी पडलं तर शेजारच्या छापखान्यातून उसनं मिळायचं. मग गेल्या दिवाळीत मालक सयाजीरावांनी कॉम्प्युटर आणला, त्याला हार घातला आणि चाचांना त्याच्यासमोर बसवलं. हार वाळला. चाचा अजून बसलेलेच होते.

कॉम्प्युटरच्या पेटीत कामाला चौघे. एक प्रोग्राम मराठी अक्षरं उमटवायचा, दुसरा प्रिंटर हाकायचा, तिसरा वीरभद्राचं चित्र काढायचा. चौथा पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवायचा. त्याचा लग्नपत्रिकेशी काही संबंध नव्हता, पण गिऱ्हाइकावर छाप पडते म्हणून मालकांनी तो घातला होता. मशीन चालू केलं की घड्याळ सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसायचं.

"एक मेगाबाइट मेमरी हाय म्हणून मालक सांगत हुते की!"

"हाय की. पर सगळी वापराय मिळत न्हाय, थोडी मशीनलाच लागती. मंगल कार्यालय केवढंबी असू दे, आचाऱ्याच्या बाजूला पावणं बसवतासा काय?"

"मग ते घड्याळ तरी उठवा."

"ते पयलं बसलंय. बाकीची त्याच्या मागनं. ह्यात मधनं कुणाला उठवाय येत न्हाय. उठवायची तर सगळी पंगत उठवाय लागती."

मृत्युंजयराव वैतागले. पुतणी शांभवीची पत्रिका छापायला ते जयसिंगपूरहून आले होते. निमंत्रक म्हणून भावकीतलं प्रत्येक नाव हवं होतं. एक गाळलं तर ते घर लग्नाला येत नाही. किंवा येतं आणि जेवत नाही, हे त्याहून वाईट. मागच्या बाकावर शांभवीची आई बसम्मा होत्या. आपलं नाव सगळ्यात वर असावं, एवढंच त्यांनी आल्या आल्या एकदा सांगितलं होतं, आणि चाचांनी ते तसं टाइपही केलं होतं.

"असं करा, एक नाव कमी करा," मृत्युंजयराव म्हणाले. "वहिनींचं काढा. दादा गेल्यावर शुभकार्यात तसंबी कोण घालत न्हाय. आता मशीनच न्हाय म्हणतंय, त्याला आपुन काय करनार?"

बसम्मांनी पदर सारखा केला.

"एका नावानं काय हुतंय हो!" चाचा चिडले. "भरल्या एस्टीतनं पिशवी उतरवल्यागत हाय ते."

"उतरवून तर बघा."

चाचांनी मशीनच बंद केलं.

"आवो! नावं?"

"गेली."

"सगळी? ठेवायची की साठवून!"

"साठवायलाबी जागा लागती."

मशीन पुन्हा घरघरत उठलं. या खेपेला चाचांनी घड्याळाला दारातच थोपवलं आणि बाकीच्या तिघांना एकेक करून आत घेतलं. मग हात बटणांवर ठेवून म्हणाले, "हं. सांगा परत."

मृत्युंजयरावांनी स्वतःपासून सुरुवात केली. मग मुलगे, चुलते, चुलत्यांचे मुलगे, पेठ वडगावचे, इचलकरंजीचे, आणि एक असे की ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, पण छापणं चालू होतं. चाचा बडवत राहिले. मशीन हूं की चूं करेना.

"झालं. बसलं बघा सगळं," मृत्युंजयराव खूश झाले. "छापा."

"आणि?" चाचांचे हात बटणांवरच होते.

"आणि काय? झालं की."

मग बाकावरून बसम्मा उठल्या आणि खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"श्रीमती बसम्मा शिवप्रसाद आवटी," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वर."

"वहिनी, पावणं काय म्हणतील?"

"वाचतील की."

चाचांनी वरच्या बाणाचं बटण दाबून धरलं. कर्सर इचलकरंजी, पेठ वडगाव, चुलते, मुलगे असा ओळीओळीनं चढत पहिल्या नावापाशी जाऊन थांबला. मग त्यांनी आणखी एक बटण दाबलं आणि सगळ्या भावकीला घेऊन मृत्युंजयरावांचं नाव एक ओळ खाली सरकलं.