ग्लॅडिएटर नावाची जीप

मित्रांनो, मी एक जुनी, थकलेली जीप आहे. खोडाळा ते मोखाडा हा घाटरस्ता माझ्या सांध्यासांध्यांत भिनला आहे. माझा मालक गोरख. त्याने एका पोस्टरवर एक शब्द पाहिला आणि माझ्या काचेवर लाल अक्षरांत रंगवून घेतला : ग्लॅडिएटर. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. दणकेबाज वाटला, एवढेच.

तेव्हापासून मला उसंत मिळाली नाही. याच रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या भिकाची जीप पुढे दिसली की माझ्यातले प्रवासीच ओरडत, "गोरख, काढ पुढं! सोडू नको त्याला!" शिट्ट्या वाजत. माझे इंजिन उकळू लागे. मोखाड्याला उतरल्यावर लोक माझ्या बॉनेटवर कौतुकाने थाप मारत. माझे ब्रेक झिजलेत, हे मात्र कोणी पाहिले नाही.

एका बाजाराच्या दिवशी वळणावर आम्ही दोघी घासलो. भिकाच्या चाकाखालची कड ढासळली आणि त्याची जीप करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. खाली दरी होती. प्रवासी बचावले, पण भिकाचा हात मोडला. गोरखने त्याला उचलून माझ्यात बसवले. आम्ही थेट दवाखाना गाठला.

माझ्यात विद्युल्लताबाईही होत्या. त्या शाळेत इतिहास शिकवतात. दवाखान्याबाहेर त्यांनी गोरखला विचारले, "गोरखभाऊ, गाडीच्या नावाचा अर्थ माहीत आहे का?"

"शूरवीर असंल, बाई."

"जुन्या रोमच्या लॅटिन भाषेत ग्लॅडियस म्हणजे तलवार. त्यावरून ग्लॅडिएटर, तलवारीनं लढणारा. शूर होतेच ते. पण बहुतेक जण गुलाम, नाहीतर लढाईत पकडलेले कैदी. लोक भोवती बसून आरडाओरडा करायचे आणि हे एकमेकांवर वार करायचे. आपसात वैर नसलं तरी."

गोरखने माझ्या काचेवरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवले. "भिका न मी एकाच पाड्यावरचे, बाई," तो हळूच म्हणाला. "आमचं कसलं वैर?"

एवढ्यात हाताला प्लास्टर घातलेला भिका बाहेर आला. कसनुसा हसत म्हणाला, "आता तूच पुढं, गोरख."

"पुढं कुठं? घरी चल," गोरख म्हणाला. त्याने दार उघडले आणि भिकाला हात देऊन आत घेतले.

घाट आम्ही सावकाश उतरलो.

आता मी पाड्याबाहेर उभी असते. टायर बसले आहेत, पत्रा गंजला आहे. मित्रांनो, एकच मागणे आहे. कोणी दोघे जिवाच्या आकांताने झुंजताना दिसले, तर टाळी वाजवण्याआधी जवळ जा आणि विचारा, "दमलात का?"